त्यांनी युद्ध मागितलं नव्हतं



सप्टेंबर 2023 मधली घटना आहे. राजौरी जिल्ह्यात पळून चाललेल्या अतिरेक्यांचा माग काढत जवानांची एक तुकडी निघाली होती. सगळ्यांच्या पुढे होती केंट, 21 आर्मी डॉग युनिटमधली सहा वर्षांची लॅब्रडॉर कुत्री. समोरून गोळीबार सुरू झाला तेव्हा केंट आपल्या हँडलरच्या पुढे आडवी आली. गोळ्या तिला लागल्या, तो वाचला. लष्कराने तिरंग्यात लपेटून तिला निरोप दिला.

ही गोष्ट आठ-दहा वर्षांच्या मुलांना सांगून पाहा. ती क्षणभर गप्प होतात आणि मग त्यांचे प्रश्न सुरू होतात. "गोळी लागली की मरतात, हे तिला माहीत होतं का?" आणि त्याच्या मागोमाग, "मग तिला पुढे कशाला पाठवलं?"

या दोन प्रश्नांपाशी आपण मोठी माणसं अडतो. "ती देशासाठी शहीद झाली बाळा," असं म्हणून विषय संपवतो आणि मूल झोपी जातं. माझी विनंती अशी, की तिथे थोडं थांबा. शूर प्राण्यांच्या गोष्टींतलं खरं मोल त्या दोन प्रश्नांच्या उत्तरातच आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. केंटला देश, सीमा, शत्रू यांतलं काही ठाऊक नव्हतं. तिला एक माणूस ठाऊक होता. रोज सकाळी तिला फिरवणारा, खाऊ घालणारा, अंग पुसून देणारा, शाबासकी देणारा. तो जिथे जाईल तिथे जायचं, तो सांगेल ते करायचं, एवढंच तिचं जग. प्राण्याचं शौर्य म्हणजे त्याने आपल्या माणसावर टाकलेला संपूर्ण विश्वास. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याहून अवघड आहे. पाठवणारे आपण माणसं आहोत. म्हणून त्या विश्वासाचं ओझंही आपल्याच खांद्यावर आहे. हे दोन्ही मुलांपर्यंत पोचलं तरच गोष्ट पूर्ण झाली असं मी मानते.

आता काही गोष्टी सांगते. त्या तुम्ही घरी सांगाव्यात म्हणूनच सांगते आहे.

लहानांसाठी पहिली गोष्ट पेडोंगीची. पेडोंगी भारतीय लष्करातली खेचर. लष्करात प्रत्येक खेचराला क्रमांक असतो, हिचा 15328. ती 1962 च्या सुमारास सैन्यात आली आणि डोंगराळ ठाण्यांवर ओझी वाहू लागली. जिथे गाडी जात नाही, हेलिकॉप्टर उतरत नाही, तिथे धान्य, रॉकेल, औषधं, दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जातो. 1999 च्या कारगिल युद्धातही त्या उंच कड्यांवर हीच वाट होती. 1971 च्या युद्धात पेडोंगी शत्रूच्या हाती पडली. त्यांनी तिच्या पाठीवर मशीनगन आणि दारूगोळ्याच्या पेट्या लादल्या. पेडोंगीने संधी साधली आणि ते सगळं ओझं पाठीवर घेऊन, मैलोन्‌मैल चालत ती आपल्या ठाण्यावर परत आली. तिने पुढेही वर्षानुवर्षं नोकरी केली. 1992 साली दिल्लीत तिच्या पाठीवर निळ्या मखमलीची झूल घालून लष्कराने तिचा सत्कार केला. 1998 मध्ये ती म्हातारपणाने गेली.

ही गोष्ट ऐकताना मुलं हमखास विचारतात, "ती पळून का आली? तिला देश कळत होता का?" खरं उत्तर द्या. तिला आपला तबेला कळत होता, आपली माणसं कळत होती, परतीची वाट पक्की लक्षात होती. घराची ओढ हे काही कमी कारण नाही. मुलाला ते लगेच समजतं.

दुसरी गोष्ट आपल्या राज्यातली आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना विशेष जवळची. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. तेव्हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात 'जंजीर' नावाचा लॅब्रडॉर कुत्रा होता. स्फोटांनंतर शहरात दडवलेली स्फोटकं शोधण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्याच्या कामगिरीत 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसं नोंदलेली आहेत. यातली एक पेटी जरी फुटली असती तरी किती घरं उद्ध्वस्त झाली असती, याचा हिशेब कोण करणार? 2000 साली जंजीर हाडांच्या कर्करोगाने गेला. पोलिसांनी त्याला पूर्ण सन्मानाने निरोप दिला. पुढे 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चौघा कुत्र्यांनी मुंबईत हेच काम केलं. गोळीबार चालू असलेल्या शहरात ते हातबॉम्ब आणि आरडीएक्स हुंगून काढत होते. चौघांनाही निवृत्तीनंतर शांत घर मिळालं आणि 2016 या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले.

ही गोष्ट आपल्या मुलांना जवळची का, ते तुम्ही जाणता. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना 1962 च्या चीन युद्धानंतर उभा राहिला आणि आपल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. स्फोटकं म्हणजे काय, ती किती जपून हाताळावी लागतात, हे या घरांतल्या मुलांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. 24 जानेवारी 2025 च्या सकाळी तिथे स्फोट झाला, त्याचा हादरा दूरच्या गावांपर्यंत पोचला आणि आपली कामगार माणसं गेली. त्या दिवसानंतर आपल्या मुलांसाठी 'स्फोट' हा सिनेमातला आवाज उरलेला नाही. म्हणून स्फोटाच्या गोष्टी त्यांना रंगवून, थरार वाढवून सांगू नका. जंजीरची गोष्ट सांगा ती न झालेल्या स्फोटाची गोष्ट म्हणून.

आणि तो हे काम कसं करत असे तेही सांगा. मुलांना 'कसं' फार आवडतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस-तीस कोटींपर्यंत असतात. स्फोटकाचा वास ओळखायला शिकवताना आधी त्याला खेळ शिकवतात. विशिष्ट वास सापडला की चेंडू मिळतो, कौतुक होतं. बॉम्बशोधक कुत्र्याला वास सापडल्यावर भुंकायचं नाही, उकरायचं नाही, तर तिथेच शांत बसून राहायचं असं शिकवलेलं असतं, कारण धक्का लागला तर स्फोट होऊ शकतो. तो बसला की हँडलर समजतो. म्हणजे कुत्र्यासाठी हा चेंडूचा खेळ आहे, आणि तो बसला आहे बॉम्बशेजारी. हे ऐकताना दहा वर्षांचं मूलही अस्वस्थ होतं. होऊ द्या. त्या अस्वस्थतेतूनच ते कुत्र्याचा आणि त्याच्या हँडलरचा विचार करू लागतं. हँडलर किती दक्ष हवा, किती प्रेमळ हवा, त्याच्या एका चुकीची किंमत कोण मोजणार, हे सगळं त्याच्या मनात आपोआप येतं.

तिसरी गोष्ट बैलांची. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढत घरोघर नेतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळवतात. त्या मुलांना कुणी सांगितलं आहे का, की शतकानुशतकं या देशातल्या लढाया बैलांच्या खांद्यावर चालल्या? घोडदळाच्या कथा सगळ्यांना ठाऊक असतात. पण जड तोफा ओढायला बैल लागत, धान्याच्या गोण्या वाहायला बैल लागत. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपूच्या सैन्यातले अमृतमहाल जातीचे बैल तोफा घेऊन इतक्या झपाट्याने चालत, की पुढे इंग्रजांनीही तेच बैल आपल्या फौजेत घेतले. बंजाऱ्यांचे तांडे हजारो लादणीच्या बैलांवरून फौजांना धान्य पुरवत असत. तांडा वेळेवर पोचला नाही तर फौज उपाशी. आपला भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यामुळे अशा फौजांची ये-जा आपल्या पूर्वजांनी पाहिलेली आहे. या बैलांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. गोळा लागून जे बैल पडले त्यांच्यासाठी कुणी समाधी बांधली नाही. पण पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप लावतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. काम करणाऱ्या जनावराचं ऋण मानायची ही रीत आपल्या अंगणात आधीपासून आहे. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, नंदी कोपऱ्यात ठेवताना, तोफा ओढणाऱ्या बैलांची ही गोष्ट मुलांना सांगा.

चौथी गोष्ट हत्तीची. 2022 च्या अखेरीस रानहत्तींचा कळप आपल्या जिल्ह्यात आला होता, तेव्हापासून इथल्या मुलांना हत्तीबद्दल भीतीही आहे आणि कुतूहलही. त्यांना बांडुलाबद्दल सांगा. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, जपानी फौजा इंफाळच्या दिशेने सरकत होत्या. ब्रह्मदेशाच्या सीमेवर इंग्रजांच्या बाजूने पूल बांधणारे, लाकूड वाहणारे हत्ती होते. ते शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जे. एच. विल्यम्स हा अधिकारी पंचेचाळीस हत्ती आणि चौसष्ट निर्वासित बायका-मुलं घेऊन डोंगर ओलांडून आसामकडे निघाला. वाटेत उभा कडा आडवा आला. माणसांनी त्या कड्यात पायऱ्या खोदल्या आणि सगळ्यांत पुढे बांडुला नावाचा दांडगा नर हत्ती चढला. एक पाय टेकवायचा, वजन तोलायचं, मग दुसरा. तो चढला म्हणून मागचे चढले. कळप आणि निर्वासित सुखरूप आसामात पोचले. इथे गोष्ट संपवायचा मोह होतो. पण मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर पुढचंही सांगा. या बांडुलाला नंतर कुणीतरी मारलं. तो मेलेला सापडला तेव्हा त्याचा एक सुळा कापून नेलेला होता. ज्या माणसांसाठी तो कडा चढला, त्यांच्यासारख्याच एका माणसाने हे केलं.

असं ऐकवून मुलांचं मन कोमेजेल, अशी शंका तुमच्या मनात येईल. ती रास्त आहे. म्हणून वय पाहून गोष्ट निवडा. सहा-सात वर्षांच्या मुलाला परत येणाऱ्या, जगणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी सांगा. पेडोंगी आहेच. व्होयटेक नावाचं अस्वलही आहे. 1942 साली इराणमध्ये पोलंडच्या सैनिकांनी एका मुलाकडून अस्वलाचं पिल्लू घेतलं, दुधावर वाढवलं. पुढे बोटीवर प्राणी नेता येईनात, तेव्हा त्यांनी त्याला चक्क सैनिक म्हणून भरती केलं. इटलीत मोंते कासिनोच्या लढाईत व्होयटेक तोफगोळ्यांच्या पेट्या उचलून देत असे. त्या तुकडीने मग तोफगोळा उचललेलं अस्वल हीच आपली निशाणी केली. युद्धानंतर तो एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात राहिला आणि 1963 साली वारला. त्याचे जुने सोबती भेटायला येत, पोलिश भाषेत हाक मारत, आणि तो ती ओळखत असे. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जे पोलिश लोक तेव्हा रशियातून इराणमार्गे बाहेर पडले, त्यांच्यातलेच सुमारे पाच हजार निर्वासित 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिले. व्होयटेकचे सैनिक आणि वळिवड्याची मुलं-बाळं एकाच वाटेवरची माणसं.

आठ-दहा वर्षांच्या वयानंतर केंट, जंजीर यांच्या गोष्टी सांगता येतात. मरण आलं तर ते लपवू नका. "झोपली", "देवाघरी गेली" असं म्हणण्यापेक्षा "गोळी लागून मेली" असं शांतपणे सांगा आणि मुलाला रडू द्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाने गोठ्यातलं मरण पाहिलेलं असतं. ते आपल्याला वाटतं त्याहून समंजस असतं.

आणि बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना युद्धाची काळी बाजूही सांगा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा या गावात इंग्रजांची फौज वेढ्यात सापडली. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. त्या फौजेत मराठा पलटणींचे जवान होते. धान्य संपत आलं तेव्हा तोफा ओढणारे घोडे आणि ओझी वाहणारी खेचरं मारून खायची वेळ आली. आपल्याकडच्या अनेक जवानांनी ते मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला आणि ते उपासमारीने खंगत गेले. ज्यांना खरारा केला, ज्यांच्या मानेवर हात फिरवला, तीच जनावरं रोज एकेक करून कमी होत होती. युद्ध म्हणजे काय, हे समजायला याहून मोठं भाषण लागत नाही. अशा गोष्टी ऐकलेलं मूल मोठेपणी युद्धाच्या गप्पा ऐकताना आधी विचार करील, आणि टाळ्या वाजवायची घाई करणार नाही.

आता खरेपणाबद्दल थोडं. आपल्याकडे प्राण्यांच्या शौर्याच्या कितीतरी लोककथा आहेत. 1670 साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, तेव्हा यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली. हळदीघाटच्या चेतक घोड्याचीही. यांतली घोरपड पोवाड्यातून आली. समकालीन कागदपत्रांत तिचा आधार मिळत नाही, आणि चेतकाची कथाही नंतरच्या काळात रंगली. या कथा सांगू नका असं मी म्हणत नाही. पोवाडा हे आपलं धन आहे. पण सांगताना "ही लोकांनी गायलेली कथा आहे" आणि "ही नोंद असलेली घटना आहे" असं वेगळं करून सांगा. मूल पुढे वाचायला लागेल, शोधायला लागेल. तेव्हा आईबाबांनी सांगितलेलं कुठे कथा होतं आणि कुठे इतिहास, हे त्याला आधीच ठाऊक असलं तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास टिकेल. मोबाइलवर रोज एखाद्या 'शूर कुत्र्या'चा व्हिडिओ येतो. तो पाहताना मुलालाच विचारा, "हे कुठे घडलं? कधी? कुणी पाहिलं?" हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली तर शाळेतल्या कुठल्याही विषयात ती उपयोगी पडेल.

आणि गोष्ट संपल्यावर आणखी एक प्रश्न विचारायला मुलांना शिकवा. "मग पुढे त्या प्राण्याचं काय झालं?" हा प्रश्न मोठ्या माणसांनी फार उशिरा विचारला. 2015 साली माहितीच्या अधिकारातून लोकांना कळलं, की लष्करातल्या श्वानांना काम होईनासं झालं की बहुतेकदा दयामरण दिलं जातं. ज्यांनी सुरुंग शोधले, जवानांचे प्राण वाचवले, त्यांचा शेवट असा! लोकांनी आवाज उठवला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि धोरण बदलावं लागलं. आज निवृत्त श्वानांना दत्तक घेता येतं. एका साध्या प्रश्नाने मुक्या जिवांचं म्हातारपण वाचलं. आपल्या मुलांना हे जरूर सांगा. बंदूक हाती घेतल्याशिवायही शूर होता येतं, हे त्यांना यातून कळेल.

शेवटी एक काम सांगते, कारण गोष्ट नुसती ऐकली की ती पुस्तकातच राहते. ज्या दिवशी गोष्ट सांगाल त्या आठवड्यात मुलाच्या हाताने एखाद्या जनावरासाठी काहीतरी घडू द्या. आपल्याकडच्या वैशाखात ऊन पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातं. दारापुढे पाण्याचं टाकं ठेवायचं काम त्याच्याकडे द्या आणि रोज ते त्यानेच भरायचं. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल आणि मुलाला नेणार असाल, तर बैलाला कुणी टोचतं आहे का, शेपूट पिरगाळतं आहे का, हे त्याला पाहायला सांगा. तसं दिसलं तर तुम्ही आयोजकांकडे जाऊन बोला, मुलाला सोबत घेऊन. टोचणं, मारणं नियमाने बंद आहे, त्यामुळे बोलायला संकोच नको. गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारणारं पोर दिसलं तर त्याला रागावण्याआधी जवळ बसवा आणि केंटची गोष्ट सांगा.

प्राण्यांनी आपली युद्धं मागितली नव्हती. आपण त्यांना त्यात ओढलं आणि त्यांनी आपल्यावर विश्वास टाकला. ते ऋण मेलेल्या प्राण्यांना फेडता येत नाही. ते फेडायचं आज आपल्या दारात उभ्या असलेल्या जनावरांशी नीट वागून. आपली मुलं हे करतील, पण त्यांना ते सांगायला आपणच वेळ काढायला हवा.